पाय वाजवत ये

बुधवार, रात्र

आज पुन्हा तेच झालं. लॅच उघडून मी आत आले, चपला काढल्या, पर्स टेबलावर टाकली, सवयीनं "आले रे" म्हटलं, आणि बत्ताशा फ्रीजला पाठ लावून गाढ झोपलेला. फ्रीजची थरथर अंगाला लागते म्हणून ती जागा त्याची त्यानंच शोधलीय. तेवढ्यात आई काठी टेकत आतून आल्या, तर साहेब ताडकन उभे! शेपूट काय, उड्या काय. माझ्याकडे नजर गेली ती सगळा सोहळा आटोपल्यावर.

लागलं मला. ठाणे स्टेशनची गर्दी, मग पाचपाखाडीपर्यंत शेअर रिक्षाची रांग, हे सगळं करून यायचं आणि घरात कुणाला पत्ताच नाही.

डोक्यात सगळं नीट बसलंय. डॉक्टरांनी समजावलं होतं, अशा पांढऱ्या कुत्र्यांत कधी कधी कानाच्या आतल्या भागात रंगपेशीच नसतात, मग जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांतच ऐकू येणं जातं. म्हणजे किल्लीचा आवाज त्याच्या दुनियेत नाहीच. काठीचा ठोका लादीतून पोटाला पोचतो, मी पोचत नाही. यात रुसण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी रुसलेय. विनू गेल्यापासून हे असं दारातच... जाऊ दे.

त्याला हात लावून एकदम उठवायचं नाही, दचकून चावू शकतो. म्हणून मी लादीवर बसते आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकापाशी धरते. आधी नाकपुड्या हलतात, मग मिशीचा एखादा केस, मग एकच डोळा किलकिला होतो. तेव्हा खांद्यावर ठरलेल्या जागी बोटं टेकवायची आणि अंगठा वर करून दाखवायचा, म्हणजे 'शाब्बास'. त्या एका डोळ्यात मी पहिल्यांदा दिसते ना, तेव्हा बरं वाटतं. पण तो उठला कुणासाठी, माझ्यासाठी की चिकनसाठी? (विचारून उपयोग नाही. ऐकू येणाऱ्यांनी तरी कधी खरं सांगितलंय?)

विसर्जनाला ढोलताशा खालून गेला तेव्हा बिल्डिंगमधली कुत्री पलंगाखाली, आणि हा थरथरत्या काचेला नाक लावून मजेत उभा. दिवाळीची धास्ती नाही, हे एक बरंय.

जेवताना आईंना माझं तोंड दिसलं असणार. म्हणाल्या, "अगं, मांजरीसारखी येतेस, त्याला कळणार कसं? पाय वाजवत ये की जरा!"

मला हसूच फुटलं. लग्न होऊन आले तेव्हा याच घरात, याच बाईंनी, "सुनेच्या जातीनं पाय वाजवू नयेत" म्हणून मला चालायला शिकवलं होतं. त्यांनाही आठवलं असावं, कारण त्या एकदम ताकात मीठ बघायला लागल्या.

भांडी झाल्यावर तो पुन्हा फ्रीजपाशी कलंडला. मी दाराबाहेर गेले, लॅच उघडलं आणि धाड धाड पाय आपटत आत आले. सगळा राग काढून घेतला म्हणा ना. बत्ताशा ढिम्म.

इंटरकॉम मात्र वाजला. खालच्या काकू होत्या. "काय गं, काही पडलं का?"

म्हटलं, "नाही काकू, मी घरी आले."