कार्टूनातल्या पाखरांचे इकडले पैपाहुणे

आमच्या परसात रोडरनरचा चुलतभाऊ राहतो. काळं कुळकुळीत अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे. पुस्तकात त्याला भारद्वाज म्हणतात, आमच्या शेजारपाजारी कुंभारकावळा. कावळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो कोकिळेच्या कुळातला, आणि टीव्हीवर ‘बीप बीप’ करत त्या बिचाऱ्या कोयोटच्या, म्हणजे तिकडल्या कोल्ह्यालांडग्यासारख्या प्राण्याच्या, हातावर तुरी देणारा रोडरनरही त्याच कुळातला. एक अमेरिकेच्या वाळवंटात, एक बेळगावात. लग्नकार्याला येणंजाणं नाही, पण नातं आहे.

आणि नातं चालीत दिसतं. भारद्वाजाला उडायला येतं, पण उडणं त्याला फारसं पसंत नसावं. कंपाउंडच्या भिंतीवरून तो चालत येतो, शेवग्याखाली उतरतो आणि पाचोळा उलथापालथा करायला लागतो. पावसाळ्यात गोगलगाय, एरवी सरडा, टोळ, सापाचं पिल्लू, दुसऱ्याच्या घरट्यातलं अंडं, काहीही चालतं. एकदा भिंतीवर सरडा धरून त्यानं असा आपटला होता की धुणं आपटणारी बाईसुद्धा थांबून बघत राहिली. सकाळचं ऊन आलं की कुंपणाच्या टोकावर पंख पसरून पाठ शेकत बसतो. तिकडे रोडरनरही हेच करतो. वाळवंटातल्या थंड रात्रीनंतर तो पाठीची पिसं फुलवतो, खालची काळी कातडी उन्हाला देतो आणि अंगात ऊब आल्याशिवाय धावपळ सुरू करत नाही. दोघांच्याही पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. त्यामुळे रोडरनरचं पाऊल वाळूत फुलीसारखं उमटतं आणि पक्षी आला की गेला ते कळत नाही. तिथले मूळ रहिवासी म्हणायचे, या खुणेनं भुतंसुद्धा चकतात. आमच्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. भुताखेतांचं आणि शकुनाचं खातं या घराण्याकडे दोन्हीकडे आहेच.

चक जोन्स या अमेरिकन कार्टूनवाल्यानं रोडरनर पहिल्यांदा पडद्यावर पळवला तो 1949 साली. पळवला तो असा की कोयोटचे बाँब, रॉकेट आणि स्प्रिंगचे बूट सगळे फुकट गेले. खरा रोडरनर ताशी तीसेक किलोमीटर धावतो. पक्ष्याच्या मानानं हे चांगलंच. पण खरा कोयोट ताशी साठाच्या पुढे जातो. खऱ्या वाळवंटात ही मालिका पहिल्याच भागात संपली असती. शिवाय खरा रोडरनर बीप बीप करत नाही, तो पारव्यासारखा घुमतो आणि चोच कडकड वाजवतो. आणि ज्याला कार्टूनात गरीब बिचारा, फक्त पळणारा दाखवलाय, तो प्रत्यक्षात विषारी रॅटलस्नेक मारून खातो.

पक्ष्यांना भूमिका वाटून देणारे हे कार्टूनवाले लोक मला आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखे वाटतात. मंडळाच्या नाटकात दुर्योधन कुणाला करायचं? ज्याला मिशा आहेत त्याला. तो बिचारा जन्मात कुणाला ‘अरे’ म्हणालेला नसतो, घरी बायकोसमोर चहात साखर कमी आहे हेही बोलत नाही. पण मिशा आहेत ना, मग घे गदा. चित्रकारांनीही पक्ष्यांच्या मिशा पाहिल्या. तुरा, चोच, रंग घेतला आणि स्वभाव रानात सोडून दिला.

वुडी वुडपेकरचंच बघा. 1940 सालचं हे पात्र. त्याचा निर्माता वॉल्टर लँट्झ सांगायचा की मधुचंद्राला गेलो होतो, तिथं एक सुतारपक्षी छपरावर ठकठक करून झोपू देईना, त्यातून वुडी सुचला. गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की लग्न झालं ते वुडी पडद्यावर आल्यानंतर. (नवऱ्यानं बायकोला खूश करायला रचलेली कथा असेल तर ती चालवून घ्यावी. पुढे बायकोनंच वुडीला आवाज दिला.) दुसरा वाद पक्षीतज्ज्ञांचा. काही म्हणतात छपरावर ठोकणारा तो एकॉर्न वुडपेकर, तर वुडीचा तो लाल उभा तुरा सरळ पायलिएटेड वुडपेकरचा. दोन्ही तिकडचेच सुतारपक्षी. मला यात तुऱ्याची बाजू पटते, कारण तो तुरा आमच्या ओळखीचा आहे. सह्याद्रीच्या दाट रानात पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार आहे, कावळ्यापेक्षा मोठा, नराला तसाच लालभडक तुरा. पायलिएटेड आणि हा एकाच प्रजातीगटातले, ड्रायोकोपस. आमच्या भागात खानापूरच्या पलीकडे रान दाट व्हायला लागलं की कान टवकारून बसायचं. तो ठोकतो तेव्हा कुणी तरी लांब सुतारकाम काढलंय असंच वाटतं. मात्र वुडीसारखा खिदळत लोकांना पिडणारा हा प्राणी नव्हे. जुनी, वठलेली, जाडजूड झाडं लागतात त्याला, आणि माणसाची चाहूल लागली की खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो.

पण सगळ्यात जास्त अन्याय झाला तो धनेशावर. ‘द लायन किंग’मधला झाझू आठवतो ना, राजाचा कारभारी, सतत नियम सांगणारा, पण ज्याचं कुणीच ऐकत नाही असा? तो आफ्रिकेतला लाल चोचीचा धनेश. 1994 च्या त्या सिनेमात त्याला खलनायक हाडांच्या पिंजऱ्यात कोंडून गाणी म्हणायला लावतो. आता धनेश आणि कोंडणं यांचं खरं नातं ज्यानं पाहिलंय त्याला हा प्रसंग बघताना हसू येतं.

माझा मामेभाऊ दांडेलीला असतो. तिथं काळी नदीच्या काठानं धनेश असे दिसतात, जसे आमच्याकडे पारवे. भल्यामोठ्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग, आणि उडताना पंखांचा आवाज. आधी आवाज येतो, मग पक्षी. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपायला घेते. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, माती, असं जे मिळेल त्यानं. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत अंडी, आत पिल्लं, आणि बहुतेक पिसंही ती आतच गाळते, म्हणजे उडून जायचा प्रश्नच मिटला. बाहेर नर. तो वडा-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो, फटीपाशी खोडाला धरून बसतो आणि मान मागेपुढे करत घशातून एकेक फळ वर काढतो. चोचीच्या टोकावर ते मणीएवढं फळ येतं, फटीतून दुसरी चोच पुढे होते, फळ आत जातं. मग दुसरं. मग तिसरं. मोजायचं म्हटलं तर आपल्याला कंटाळा येईल, त्याला येत नाही.

मी हे दुर्बिणीतून बघत होतो आणि मामेभाऊ शेजारी उभा राहून माहिती देत होता. वहिनीही होत्या. त्या म्हणाल्या, “बायकोला तीन-तीन महिने कोंडून घालतोय म्हणा की.”

“त्यानं कुठं कोंडलंय? तिनंच आतनं लिंपून घेतलंय.”

“आणि जेवण जाग्यावर?”

“जाग्यावर.”

वहिनींनी दुर्बीण मागून घेतली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “मला पण एक ढोली बघा की हो अशी.”

एवढं सगळं नाट्य पदरात असताना झाझूला सिनेमात बायको नाही, पोरं नाहीत. नुसती कारकुनी.

बाकीच्यांची गोष्ट चटकन आटोपते. डोनाल्ड डक, जन्म 1934, हा पांढराशुभ्र का, तर तो पेकिन जातीचा पाळीव बदक म्हणून. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ पाहिलेल्या आमच्या पिढीला तो घरचाच. फॉगहॉर्न लेगहॉर्न नावाचा बडबड्या कोंबडा तर नावातच जात सांगतो. लेगहॉर्न म्हणजे इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली, ढीगभर अंडी देणारी पांढरी कोंबडी. आपल्या पोल्ट्रीवाल्यांना हे नाव पाठ असतं. ‘अप’ सिनेमातला केविन हा रंगीबेरंगी पक्षी हिमालयातल्या मोनालावरून सुचला, आणि सिनेमात पुढे कळतं की केविन ही मादी आहे. खऱ्या मोनालात सगळी झळाळी नराच्या वाट्याला, मादी बिचारी मातकट. ‘रिओ’ सिनेमातल्या निळ्या ब्लूची, म्हणजे स्पिक्स मकाव जातीच्या पोपटाची, कहाणी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रानातला शेवटचा पक्षी 2000 साली दिसेनासा झाला, सिनेमा आला 2011 साली. पोरं थिएटरात टाळ्या वाजवत होती तेव्हा ब्राझीलच्या रानात त्या जातीचं एकही पाखरू उरलेलं नव्हतं. 2022 साली पिंजऱ्यात वाढवलेले काही पक्षी पुन्हा तिथं सोडले.

हॅरी पॉटरच्या हेडविगनं तर आपल्याकडेही उपद्व्याप केला. हेडविग ही हिमघुबडाची मादी. सिनेमात तिचं काम केलं नर घुबडांनी, कारण नर जास्त पांढरे. म्हणजे बालगंधर्वांची परंपरा तिकडेही पोचली म्हणायची. पण त्या नादानं शहरातल्या पोरांनी घुबडं पाळायला मागितली, आणि 2010 साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हे जाहीरपणे बोलूनही दाखवलं. आपल्याकडे घुबड आधीच दोन्हीकडून मार खाणारं. लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीत त्याचा बळी देणारे महाभाग आहेत आणि छपरावर बसलं तर अपशकुन म्हणून दगड मारणारेही आहेत. त्यात ही आणखी भर.

आवाजाची तर वेगळीच लबाडी. इंग्रजी सिनेमात डोंगरावरून गरुड झेपावताना जी कर्कश, अंगावर काटा आणणारी किंकाळी ऐकू येते ती बहुतेक वेळा लाल शेपटीच्या ससाण्याची असते. अमेरिकेच्या त्या रुबाबदार पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा खरा आवाज बारीक, चिवचिवल्यासारखा. राष्ट्राच्या मानचिन्हाला तो कसा चालावा? टारझनच्या जुन्या सिनेमांत आफ्रिकेच्या जंगलात जो पक्षी खदाखदा हसतो तो ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा. आपण हसायचं कारण नाही. आपला विष्णूचं वाहन असलेला गरुड लोक ज्या पक्ष्यात बघतात ती ब्राह्मणी घार आमच्या राकसकोप धरणाच्या पाण्यावर बघायला मिळते. तांबूस अंग, पांढरी छाती, घिरट्या अशा की हात आपोआप जोडले जावेत. मग ती तोंड उघडते आणि रडव्या पोरासारखा सूर काढते, वर काठावरचा मेलेला मासा उचलते. दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांनी हा आवाज वापरला नाही ते बरंच केलं.

आमच्या भागात असाही एक पक्षी आहे ज्याच्यामागे खरा पक्षी कुठलाच नाही, आणि रोज डोळ्यांसमोर मात्र तोच. गंडभेरुंड. एका अंगाला दोन डोकी. म्हैसूरच्या राजघराण्याचं हे चिन्ह आज कर्नाटकाच्या राजमुद्रेत आहे आणि महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दगडांतही तो कोरलेला सापडतो. पक्षीशास्त्रात त्याला जागा नाही, पण सीमाभागातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. एका तोंडानं घरात मराठीत भांडायचं, दुसऱ्या तोंडानं बाजारात कन्नडमध्ये भाव पाडायचा, पोट एकच. तसं तर येळ्ळूरच्या राजहंसगडावरही राजहंस कुणाला दिसलेला नाही. वर घारी फिरतात, त्यांनाच धरून चालवायचं.

आणि हे सगळे परके कलाकार बाजूला ठेवले, तर प्रत्येक मराठी पोराला भेटलेली पहिली काल्पनिक पाखरं म्हणजे चिऊ आणि काऊ. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, आणि बंद दार. भूमिका-वाटपातला सगळ्यात मोठा घोटाळा इथंच आहे असं माझं ठाम मत आहे. कावळा शेणाचं घर बांधत नाही, काटक्यांचं बांधतो, तारा मिळाल्या तर त्याही ओवतो. त्याच्या घरात कोकिळा येऊन अंडं घालून जाते आणि हा आयुष्यभर चतुर म्हणून मिरवलेला प्राणी परक्याचं पोर चोचीनं भरवून मोठं करतो. शिवाय दशक्रियेला घाटावर त्याची वाट बघताना अख्खं कुटुंब हात जोडून उभं असतं ते वेगळंच. एवढा राबणारा, एवढा फसणारा पक्षी, आणि गोष्टीत तोच खलनायक!

उलट चिमणी. आमच्या गल्लीत लावलेल्या मोटारसायकलच्या आरशाशी एक चिमणा रोज भांडतो. आधी आरशाच्या कडेवर बसतो, वाकून बघतो, मग आतल्या चिमण्यावर चोचीनं असे घाव घालतो की काचेवर थुंकी आणि खाली सीटवर सगळी घाण. गाडीवाल्यानं शेवटी आरशांना जुने मोजे चढवले. तर तो मोज्याच्या भोकातून आत डोकावून बघायला लागला, आतला माणूस गेला का म्हणून. एकोणिसाव्या शतकात चिमण्या अमेरिकेत नेऊन सोडल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या निळ्या पाखरांची घरटी बळकावली, अंडी फोडली, आतल्या पिल्लांना मारून टाकलं. तिकडचे लोक अजून त्यांच्या नावानं बोटं मोडतात.

हे सगळं मी परवा आज्जीला सांगितलं. ती पणतीला मांडीवर घेऊन तीच गोष्ट सांगत होती, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’पर्यंत आली होती. मी म्हटलं, “आज्जी, खरी चिमणी काय साधी नाही बरं का. दुसऱ्याचं घर बळकावती ती.”

आज्जीनं पोरीच्या गालाला बोट लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणून तर दार उघडीत न्हवती. जिनं दुसऱ्याचं घेतलंय, ती आपलं उघडंल व्हय?”