थ्री फोर्क्स, मोंटाना

आज अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील थ्री फोर्क्स या गुरांच्या कुरणांनी वेढलेल्या छोट्या गावी जाणे झाले. गावालगतच जेफरसन, मॅडिसन आणि गॅलटिन या नद्या एकत्र येऊन मिसुरी नदी सुरू होते. १८०५ च्या जुलैमध्ये येथे पोहोचलेल्या, अमेरिकी सरकारने पश्चिमेच्या शोधमोहिमेवर पाठवलेल्या लुईस आणि क्लार्क यांनी या नद्यांना आपल्या राष्ट्राध्यक्षांची, परराष्ट्रमंत्र्यांची आणि अर्थमंत्र्यांची नावे दिली. (खजिना सांभाळणाऱ्याला ते विसरले नाहीत, हे व्यवहाराला धरूनच झाले!) मला मात्र त्यांच्यासोबतच्या शोशोनी या मूळ रहिवासी जमातीच्या साकागाविया या दुभाषी तरुणीबद्दल अधिक कुतूहल वाटत राहिले, कारण त्याआधी काही वर्षे हिदात्सा या दुसऱ्या जमातीच्या लोकांनी तिला लहानपणी याच परिसरातून पळवून नेले होते. परतताना मॅडिसन बफेलो जंप हा कडा पाहिला. घोडे येण्यापूर्वी मूळ रहिवासी येथे बायसनचे (अमेरिकेतील रानगव्यासारख्या प्राण्याचे) कळप कड्यावरून लोटून शिकार करीत.