पण कशाला?

सोमवार, 12 जानेवारी 2026, रात्र

काल फोनवर तो एवढंच म्हणाला. रागावून नाही, हसतच. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, लिनक्स, टाकली, मी, एकटीने. तर म्हणे, "आई, पण कशाला? मला सांगितलं असतंस तर नवा लॅपटॉप घेऊन दिला असता." मग नातीचा एक मोजा सापडेना आणि फोन संपला.

कालपासून तो "कशाला" डोक्यात घोळतोय. आज मेथी निवडतानासुद्धा.

कशाला म्हणजे काय! कॉम्प्युटर 2014 चा. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा आधार संपला आणि 11 टाकायला जावं तर आमच्या डब्याची तेवढी पात्रता नाही. टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर जुना. बाकी तब्येत ठणठणीत. पंखा आवाज करतो, पण घरात ह्यांचं घोरणंही आहेच, त्यात तो ऐकू येत नाही. चालतंय तरी मोडीत काढा, हे वाचून मला जे वाटलं ते त्या डब्यापुरतंच होतं का, ते जाऊ दे.

चार दिवस गेले. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, चढवलं. त्यावरचे बारशाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवले, ठेवलेत का ते दोनदा पाहिलं. पेनड्राइव्हवरून चालू करायचं तर आमच्या मशीनला सुरू होतानाच एफ12 दाबावं लागतं, पण नेमकं कधी? दुधावर नजर ठेवून उभं राहावं आणि पापणी लवताच ते उतू जावं, तसं सात वेळा विंडोजच उघडलं. आठव्यांदा जमलं. डिस्कला हात न लावता नुसतं पेनड्राइव्हवरून वापरून बघता येतं, म्हणून दोन दिवस मी पाहुणीसारखी वावरले. वायफाय काही सापडेना, शेवटी मोबाईल वायरने जोडून नेट घेतलं.

मग वाटणीची वेळ आली. विंडोज काढून टाकता येत नव्हतं. भिशीचे हिशेब, आईच्या ओव्या, सगळं युनिकोडच्या आधीच्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फॉन्टात टाइप केलेलं. लिनक्समध्ये उघडलं तर ओव्यांच्या जागी टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि मधे मधे डॉलर. म्हणून दोघांना शेजारी शेजारी ठेवायचं ठरवलं. पडद्यावर डिस्कची आडवी पट्टी येते, मधे एक दुभाजक, तो माऊसने धरून सरकवायचा. बांध कुठे घालायचा यावरून माहेरी आमच्याकडे काय काय झालं, आणि इथे 500 जीबीचा बांध मी एका बोटाने हलवत होते. लिनक्सला 120 दिले. मग 150 केले. मग विंडोजची दया येऊन 140. त्यापुढची चौकट विचारते, हे बदल डिस्कवर लिहू का? तिथे किती वेळ बसले कोण जाणे. ह्यांनी चहा विचारला तर म्हटलं, आत्ता बोलू नका.

आणि तो म्हणतो, कशाला.

टायपिंगच्या मराठी 30 आणि 40, दोन्ही परीक्षा दिलेली बाई मी. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांचे मसुदे टाइप केले, तेव्हा कुणी कशाला असं विचारलं नाही. स्वतःपुरतं काही केलं की लगेच कारण द्यायचं. आता इनस्क्रिप्ट ही कळांची वेगळी मांडणी शिकतेय, बोटं अजून टाइपरायटरच्याच वाटेने जातात, ळ शोधायला थांबावं लागतं. हे पान त्यातच लिहितेय. दीड तास झाला.

खरं तर रडायलाच बसले होते. मग आठवलं, हेलसिंकीत शिकणाऱ्या एका 21 वर्षांच्या मुलाने 25 ऑगस्ट 1991 ला लोकांना कळवलं होतं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, नुसता छंद म्हणून. तीच पुढे लिनक्स झाली. त्या ऑगस्टमध्ये आमचा हा "कशाला" माझ्या पोटात होता, सातवा महिना. हसूच आलं एकटीला. ह्यांनी वर्तमानपत्र खाली करून पाहिलं आणि परत वर केलं.

तसं मीही एकदा त्याला विचारलं होतंच. इथे स्वयंपाकघरात, व्हिसा आल्यावर. "तिकडे कशाला?" तो काही बोलला नव्हता, ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला होता.

आज संध्याकाळी भिशीचा हिशेब काढायला विंडोज उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ दहा, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात दोन चाळीस. वाटलं, बिघडवलं काहीतरी. शोधल्यावर कळलं की लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि आपले साडेपाच तास वरून मिळवतं. विंडोज तीच वेळ आपली समजून जशीच्या तशी दाखवतं. त्याला मी आता नेट देत नाही, त्यामुळे आपणहून दुरुस्तही होत नाही. लिनक्सला एका ओळीची कमांड दिली की झालं. ती डायरीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलीय, टाइम-डेट-सीटीएल वगैरे.

पण दोन चाळीस म्हणजे तेव्हा इंग्लंडात, त्याच्या लीड्समधली वेळ. जेवण उरकून परत कामाला बसला असेल.

कमांड दिली नाही. 29 मार्चला तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, त्यानंतर ही वेळ ना त्याची राहील ना माझी. तेव्हा देईन. तोवर भिशीचा हिशेब दुपारी होतोय तर होऊ दे.