चेंदणीची भिंत: खार पुन्हा फुटला, पण गुलाबी सापडला

ठाण्यात चेंदणीच्या बालवाडीच्या भिंतीवर आपण खाडीचं चित्र रंगवतो आहोत. तिथे जोत्यापासून कमरेपर्यंतचं सगळं सोललं. मागच्या वेळी तुम्हाला दाखवलेली होडी आता अर्धीच उरली आहे आणि तिवरांच्या मुळांवर पांढरी भुकटी आली आहे. पावसाळाभर भिंत गप्प होती. ऑक्टोबरचं ऊन तापलं, आतली ओल बाहेर यायला लागली आणि खार, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटला. मुलं पोपडे काढून खेळताहेत, असा बालवाडीच्या बाईंचा फोन आला तेव्हा पोटात खड्डा पडला.

आधी बुरशी की खार, याचा निकाल लावला. भुकटी चमच्यात घेऊन वर पाण्याचे थेंब टाकले. लगेच विरघळली, म्हणजे खारच. बुरशी अशी विरघळत नाही. मग प्लॅस्टिकचे दोन तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवले, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक डोक्याच्या वर. दुसऱ्या दिवशी खालच्याच्या आत पाण्याचे थेंब होते, वरचा ठणठणीत कोरडा. छत गळत नाही, पाइप फुटलेला नाही. ओल जमिनीतून चढते आहे. खाडी इतकी जवळ, जोतं इतकं बसकं, दुसरं काय होणार!

आता खरा वाद. रंगकाम करणारा प्रत्येक जण एकच सांगतो: वॉटरप्रूफ प्रायमर मारा, वर पुट्टी, वर अ‍ॅक्रिलिक. दुकानातही तेच. पण या भिंतीला आपल्याआधी कुणीतरी नेमकं तेच करून ठेवलं आहे. पोपडा उलटा करून बघा. रंगाच्या मागे चिवट पातळ थर आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला खाराचे बारीक टोकदार स्फटिक दाटून बसलेत. ओल विटा-गिलाव्यातला क्षार विरघळवून बाहेर आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतो आणि त्याचे खडे धरतात. पृष्ठभाग उघडा असेल तर ते बाहेर धरतात आणि झाडून टाकता येतात. बंद असेल तर रंगाच्या पाठीमागे धरतात आणि रंगालाच ढकलतात. त्यामुळे प्रायमर कितीही भारी आणला तरी इथे तो सुटणारच. माझं मत आता पक्कं आहे: ओल्या भिंतीचं तोंड बंद करायचं नाही.

म्हणून खालचा सगळा थर पट्टीने खरवडून गिलाव्यापर्यंत उतरवला. खार कोरड्या ब्रशने झाडायचा आणि खाली पेपर पसरून उचलून टाकायचा. भिंत धुवायची नाही, नाहीतर तोच क्षार पाण्याबरोबर पुन्हा आत मुरतो. त्यानंतर कागदाचा लगदा. दिवाळीआधी मुलांबरोबर मुखवट्यांसाठी करायचं ठरलं होतं, तोच लगदा आता भिंतीला जातो आहे. रद्दी साध्या पाण्यात भिजवून, कुटून, बोटभर जाडीने थापायची आणि पूर्ण वाळू द्यायची. वाळताना तो क्षार ओढून घेतो. पहिला थर निघाला तेव्हा कडेला पांढरी झालर होती. मुलांनी ती बोट लावून पाहिली, आणि समुद्राचं पाणी वाळल्यावर काय उरतं इथपर्यंत बोलणं गेलं. मुखवटे नंतर होतील.

वर चुना, आणि चुन्यात फेविकॉल अजिबात नाही. एका गवंड्याने मीठ टाकायला सांगितलं, काही ठिकाणी टाकतातही, पण या भिंतीला आणखी मीठ कशाला? उघड्या पोत्यातली चुन्याची फक्की घेऊ नका. हवा लागून ती आधीच मेलेली असते, वाळली की हाताला लागते. कळीचा चुना आणून मोठ्यांनी, चष्मा आणि हातमोजे घालून विरवायचा (पाणी उकळतं, मुलं जवळ नकोत), पाण्याखाली मुरत ठेवायचा आणि दुधाइतका पातळ करून ओलसर भिंतीवर हात द्यायचे. नायलॉनचा ब्रश नुसता ओघळ सोडतो. तागाचा कुंचाच हवा.

आणि आता गुलाबी! रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) आणलेला तयार राणी रंग चुन्यात पडला आणि मळकट होऊन बसला. चुना तिखट, त्यात सगळे रंग टिकत नाहीत. मातीचे टिकतात. म्हणून हिरमिजी (लाल मातीचा रंग) चिमटीचिमटीने चुन्यात घातली. ओली असताना विटकरी दिसत होती, वाळल्यावर असा फिका, उबदार गुलाबी उतरला की सगळ्याजणी बघतच राहिलो. मोठ्या रोहित पक्ष्याच्या अंगाचा रंग तोच. पंखाच्या कडेला हिरमिजी जरा जास्त, चोचीच्या टोकाला काजळी. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जाही मिळाला. इथल्या मुलांच्या भिंतीवर त्या पक्ष्याचा रंग खोटा नको होता.

लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. होडी, जाळं, माणसं, पक्षी असं सगळं बारीक काम कमरेच्या वर न्यायचं. खाली फक्त ओहोटीचा चिखल: गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी, चुना. तो दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला की नव्याने काढायचा. वारली घरात सुवासिनी लग्नासाठी चौक काढतात, पुढच्या लग्नाला पुन्हा नवा. आपला चिखलही तसाच. आणि तो कोळीवाड्यातल्या बायकांनी काढायचा, आपण फक्त रंग कालवून द्यायचे. परवा तिथल्या एक मावशी कच्च्या चित्रातला निवटी मासा पाहून म्हणाल्या, "निवटी पाण्यात कशाला दाखवलीस? ती चिखलावर बसते." म्हणजे चिखल कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलंच. चिंबोरीची बिळंही त्याच सांगणार आहेत.

लगद्याचा दुसरा थर शनिवारी थापायचा आहे. रद्दी आणा, पण गुळगुळीत मासिकं नकोत, त्यांचा लगदा पाणी धरत नाही. ज्यांच्याकडे तागाचे जुने कुंचे असतील त्यांनी तेही घेऊन या.