शेवटचे दोनशे मीटर

एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364 मीटरवर आहे. माझी कल्पना साधी होती: एकेका माणसानं एकेक मीटर घ्यायचा, पैसे थेट गरजू कर्करुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरायचे, आणि ट्रेकचा खर्च माझा मी करणार. हे शेवटचं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तरी दोघांनी हळूच विचारलंच, "परत ट्रीटमेंट सुरू झाली का गं?" ऑफिसातल्या एका हिशेबी मित्रानं वेगळीच खोट काढली. "लुक्ला 2860 मीटरवर आहे. तिथपर्यंत विमान चढणार, तू नाही. त्याचे पैसे कसले?" मुद्दा बिनतोड होता. उरले 2504 मीटर. ते भरायला चार महिने लागले. लोकांकडे पैसे मागण्यापेक्षा रोज जिने चढणं सोपं, हे तेव्हा कळलं.

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी आधी टूडी एको करायला लावला, कारण डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध, हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतं आणि परिणाम कधीकधी काही वर्षांनी दिसतो. एको चांगला आला. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येऊ नये म्हणून घट्ट स्लीव्ह. केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या पोर्टच्या व्रणावर सॅकचा पट्टा नेमका घासायचा, तिथे जुन्या मोज्याची घडी शिवली.

राहिले तळपाय. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाच्या बारा डोसांनी ते बधिर झाले ते अजून पुरते जागे झालेले नाहीत. दगड डुगडुगतोय हे मला पायाला कळत नाही, डोळ्यांना कळतं. बाकीचे शिखरं बघत चालायचे, मी माझे बूट.

गाईडला मी हाताचं सांगितलं, पायांचं लपवलं. खालीच थांबा म्हणेल अशी भीती होती.

नामचेला एक दिवस मुक्काम वाढवून शरीराला उंचीची सवय केली. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स सुरू होती. त्या गोळीनंही हातापायांना मुंग्या येतात, त्यामुळे नव्या कुठल्या आणि जुन्या कुठल्या, काही कळेना. डिंगबोचे, लोबुचे पार पडलं. गोरक्षेपला, 5164 मीटरवर, डोकं ठणकायला लागलं आणि जेवण बघवेना.

गाईडनं मला बाहेर नेलं, काठीनं मातीत रेघ ओढली. "दीदी, हिच्यावरून चाला. टाचेला अंगठा लावून."

चौथ्या पावलाला तोल गेला.

उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की असाच तोल जातो. त्याला ते ठाऊक होतं, मलाही. "माझं केमोपासून असंच आहे," मी म्हटलं.

"लुक्लाला चालून दाखवलं असतंत, तर फरक कळला असता."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तळव्यांना बधिरपणा असेल तर पहिल्या दिवशीच गाईडसमोर अशी रेघ चालून दाखवा. मी दाखवली नाही. आता शंकेला एकच उत्तर होतं, खाली उतरणं. बेस कॅम्प दोन-तीन तासांवर होता. आम्ही उलट्या दिशेनं निघालो आणि हेडटॉर्चच्या उजेडात फेरिचेला पोचलो.

सकाळी डोकं हलकं झालं होतं, भूकही लागली. त्यानं पुन्हा रेघ ओढली. चौथ्या पावलाला तोल गेला. आम्ही दोघंही त्या रेघेकडे बघत राहिलो.

परत आल्यावर शेवटचे दोनशे मीटर ज्यांच्या नावावर होते, त्या प्रत्येकाला लिहिलं: एवढे माझ्याकडून चालून झाले नाहीत, पैसे हवे असतील तर सांगा. एकानंच मागितले. कोण, ते ओळखलंच असेल. संस्थेकडे गेलेले पैसे मागे घ्यायचे नव्हते, माझ्या खात्यातून पाठवले. त्यानं लगेच पोच दिली.