बाळ येशू ते शरणपूर: अमराठी सोबत्यांना घेऊन नाशिक

पहिल्यांदाच येणार असाल तर फेब्रुवारीतली यात्रा टाळा. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराचा, म्हणजे तिथल्या कॅथलिक तीर्थस्थानाचा, सण फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी असतो. मुंबई, वसई, गोव्याहून गाड्या भरभरून लोक येतात, नाशिक-पुणे रस्ता तुंबतो आणि मूर्तीसमोर उभे राहायला मिळते ते मागच्याचा धक्का बसेपर्यंत. गर्दीतली भक्ती अनुभवायची असेल तर जरूर या. निवांत बसून प्रार्थना करायची असेल तर साधा मंगळवार-बुधवार गाठा. ही भक्ती मूळची प्राग शहरातली. तिथली जेमतेम दीड फुटाची, मेणाचा थर दिलेली लाकडी मूर्ती 1628 साली एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला दिली.

मुंबईकरांचा पहिला घोटाळा गाडीपासून सुरू होतो. ‘सकाळी पंचवटीने जाऊ’ असे ठरते, पण पंचवटी सकाळी नाशिककडून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. सकाळी जायला तपोवन धरावी. कसाऱ्याला गाडी थांबते ती घाट चढायला मागून बँकर इंजिन लावण्यासाठी, तुमच्या वडापावासाठी नाही. इंजिन जोडले की गाडी हलते, आणि एका हातात चटणीची पुडी घेऊन धावणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. पुढे देवळाली आले की अर्धा डबा उठतो. बसून राहा, नाशिकरोड त्याच्या पुढचे. आणि नाशिकरोड म्हणजे नाशिक शहर नव्हे. शहरातले मध्यवर्ती बसस्थानक, सीबीएस, तिथून नऊ-दहा किलोमीटर. बाळ येशू नाशिकरोडलाच असल्याने आधी ते उरकावे, सामान घेऊन शहरात जाऊन परत येण्यात अर्धा दिवस जातो.

आता सोबत्यांच्या मराठीविषयी. मंगळूरचा जावई, केरळची सून, इंग्रजी शाळेतली नातवंडे असा लवाजमा असेल तर मराठी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) सगळे ओठ हलवतात, आवाज मात्र दोघा-तिघांचाच येतो. त्यासाठी निदान आठवडाभर आधी प्रभूची प्रार्थना देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि रोज दोन ओळी मोठ्याने म्हणून घ्याव्यात. रोमन लिपीत लिहून देऊ नये. त्यात ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होतात, ‘ण’ आणि ‘न’ही, आणि एकदा जिभेवर बसलेला ‘बाल येशू’ नंतर कितीही नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या तरी उठत नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंदिरांत प्रार्थनेचे शब्द थोडे वेगळे असतात. दोन्हीकडे जाणार असाल तर जिथे आधी जाल तिथला पाठ शिकवा, दुसरीकडे हळू म्हणू द्या.

सर्वांत हमखास चूक तू-तुम्हीची. शिकवताना आपण सांगतो, मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे. नवशिका मग देवाला ‘तुम्ही’ म्हणतो आणि पांढऱ्या मिशांच्या रिक्षावाल्या काकांना ‘तू किती घेणार?’ विचारतो. देवाला ‘तू’, काकांना ‘तुम्ही’, हे निघण्यापूर्वी घोकून घ्यावे. भाडे त्यावर ठरते, थट्टा नाही. दुसरी चूक बायकांची, आणि ती शिकवणाऱ्यामुळे होते. फादरांच्या तोंडून ऐकून त्याही ‘मी चुकलो’ म्हणतात. ‘मी पाप केले’ स्त्री-पुरुष दोघांना चालते, ‘चुकलो’चे मात्र ‘चुकले’ करावे लागते. पापकबुलीला बसण्यापूर्वी एवढे व्याकरण पुरे. आणि मिस्साची वेळ ‘पावणेसात’ सांगितली तर तिचे आकडे लिहून द्या: 6:45. ‘सात’ ऐकून सव्वासातला पोचणारे आशीर्वादालाच पोचतात.

दुसरा दिवस शरणपूरला द्यावा. रिक्षावाल्याला नुसते ‘शरणपूर रोड’ सांगितले तर तो तिबेटियन मार्केटपाशी सोडेल. ‘सेंट अँड्र्यूज चर्च’ म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे शाळा आणि सुतारकी-लोहारकी शिकवली जाई. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरणारा हाच, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांतही हाच. परक्या भाषेत शिकून तिसऱ्याच देशात मित्राला मूठमाती देणाऱ्या या मुलाबद्दल चर्चमध्ये शिरण्यापूर्वी सोबत्यांना सांगा, म्हणजे आत वीस मिनिटे शांत बसायला कुणाला सांगावे लागत नाही. भजनाच्या वेळेखेरीज दार बंद असू शकते. रविवार सकाळ धरा, किंवा आवारात विचारा, तेही ‘तुम्ही’ म्हणून.

वेळ उरला तर गंगापूरच्या बाजूला गोदाकाठी जलालपूर, लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून या, नाहीतर गाडी फिरवून परत याल.

जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. पेटी घ्यावी ती अगदी शेवटी, स्टेशनाकडे निघताना, आणि डब्यात वरच्या फळीवर नव्हे, मांडीवर ठेवावी. इगतपुरीनंतर घाट उतरताना वरच्या फळीवरच्या बॅगा खाली येतात.