नख अडकलं तर मशीन लावत नाही

काच पॉलिशच्या कामात माझा निम्मा वेळ लोकांना नाही म्हणण्यातच जातो, पण पिंपळे सौदागरच्या त्या फ्लॅटमध्ये सगळे प्रकार एकाच घरात भेटले. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली आणि बाल्कनीच्या स्लायडिंगवर सिमेंटचे थेंब राहिले होते ते कामगारांनी कोरड्या काचेवरच पत्रीने खरवडलेले, वरून स्टीलची घासणी. आता सिमेंटमध्ये वाळू असते, वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणा मोजायच्या मोह्स स्केलवर 7 आणि काच साधारण 5.5, म्हणजे पत्रीखाली अडकलेली वाळूच ओरखडे पाडत जाते. आधी भरपूर पाणी मारलं असतं तर बरंच वाचलं असतं. काकांची व्हिडिओ बघून टूथपेस्टही घासून झाली होती, काचेला पुदिन्याचा वास येत होता, बाकी फरक शून्य.

काकूंनी आधी बाथरूमचं पार्टिशन दाखवलं, म्हणे इथे पण चरे आहेत. चरे कसले, बोअरच्या पाण्याचे क्षार साठलेले. व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू पंधरा मिनिटं चिकटवून ठेवला, मग पुसला, काच साफ. (खाली मार्बल असेल तर व्हिनेगर सांडू देऊ नका, पॉलिश जातं.)

मग टीपॉयची काच. तिच्या ओरखड्यांवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही, म्हणजे पॉलिशने जाणार. काच पॉलिशची सिरीअम ऑक्साइड पावडर पाण्यात ताकाइतकी पातळ कालवायची, मशीनला फेल्ट पॅड (दाबलेल्या लोकरीची चकती), स्पीड कमी, आणि पॅड कोरडा होऊ द्यायचा नाही, सारखं पाणी मारत राहायचं. एका जागी जास्त वेळ धरलं की काच तापते आणि तडकू शकते, म्हणून मी दर थोड्या वेळाने हात लावून बघतो, चटका बसायला लागला की मशीन बंद. तळहाताएवढ्या जागेला अर्धा-पाऊण तास जातो, लोकांना वाटतं पाच मिनिटांचं काम.

स्लायडिंगचे बारीक ओरखडे असेच गेले, पण मधोमध एक लांब चरा होता त्यात नख टक्कन अडकलं. काकू म्हणाल्या, "अरे दादा, एवढं सगळं केलंस, हा एकच का ठेवतोस?" चरा घालवायचा म्हणजे आजूबाजूची काच त्याच्या तळापर्यंत खाली घासायची, तिथे खळगा होतो आणि त्यातून पलीकडचं सगळं वाकडं दिसतं. हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, म्हणून गाडीत असाच घासून खराब केलेला एक तुकडा ठेवतो, तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, यातून समोरच्या बिल्डिंगचं ग्रिल बघा. ग्रिलचे गज सापासारखे वळवळले, काकू गप्प.

काका म्हणाले मग तेवढी काच कापून नवी बसवा. पण ती टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, कोपऱ्यात तसा शिक्का होता, आणि टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, मापाची नवीनच मागवावी लागते, ती काही वास्तुशांतीपर्यंत येणार नव्हती. शेवटी काकूंनी तिथे पडदा ओढून घ्यायचं ठरवलं.

हिशोबाला काका म्हणतात, चरा तसाच राहिला तर थोडे कमी करा. मी म्हटलं काका, त्याचे पैसे लावलेतच कुठे!